चार बुश, चार मापं

पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि हँडल मागेपुढे ढकलायचं, की तळहाताला बारीकसा ‘टक्’ जाणवायचा. कानाला ऐकू येईल इतकाही नाही. सत्तरी गाठलेल्या मोटरसायकलमध्ये असे दहा टक् असतात, म्हणून वर्षभर मी तो स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या माथी मारला. बेअरिंग दोनदा आवळून झालं. दुसऱ्यांदा इतकं आवळलं, की संथ चालवताना गाडी सरळ जाईना, झिंगल्यासारखी डावीउजवीकडे झोके घ्यायला लागली. शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. एकाला ब्रेक धरून गाडी हलवायला सांगितली आणि मी खाली बसून सांध्यासांध्याला बोट लावत गेलो. डोक्याशी काही नाही. पाइप जिथे खालच्या नळीत शिरतो तिथे बोट ठेवलं, आणि टक् थेट नखाखाली.

फोर्कचे बुश गेले होते.

टेलिस्कोपिक फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, त्यात गूढ काही नाही. प्रत्येक पायात वर घट्ट धरलेला पाइप, त्यावर खालीवर सरकणारी नळी, मधे स्प्रिंग आणि ऑइल. नळीच्या तोंडाशी एक बुश, म्हणजे धातूची गुळगुळीत कडी, बसतो, त्यात पाइप सरकतो. पाइपच्या खालच्या टोकाला दुसरा बुश असतो, तो नळीच्या आत सरकतो. चाकाकडून येणारा सगळा मागेपुढचा जोर या दोन बुशांवर. फोर्क जितका लांबतो तितके ते एकमेकांच्या जवळ येतात, आणि त्यांच्यातली केसभर ढिलाई चाकापाशी बोटभर वाटायला लागते. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर ऑइलचं डॅम्पिंग (उसळी जिरवणं) असलेला असा फोर्क दिला, आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिश कंपन्यांनीही जुन्या पद्धतीचा गर्डर फोर्क सोडून हाच रस्ता धरला. माझी पाचशे सीसीची ब्रिटिश गाडी त्याच लाटेतली, १९५० च्या दशकातली.

खोलायला अर्धा दिवस लागला. त्यातला बराचसा वेळ ऑइल अडवणारं सील धरून ठेवणाऱ्या दोन कॉलरांनी खाल्ला. त्या नळीच्या तोंडावर बाहेरून आट्यांनी बसतात आणि त्यांना खास पाना लागतो. माझ्या आधी ज्यांनी कुणी त्या उघडल्या त्यांच्याकडे तो पाना नव्हता, छिन्नी होती. खाचांच्या जागी नुसते घाव. मी गरम करून, पट्ट्याचा पाना लावून त्या सोडवल्या, पण परत बसवण्याच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. म्हणजे बुशांबरोबर कॉलरही करायच्या. खालून जे ओघळलं त्याला ऑइल म्हणणं धाडसाचं होतं. करडं, पाण्यासारखं पातळ, आणि भांड्याच्या तळाशी सोनेरी चमचमता गाळ. तो गाळ म्हणजेच माझे बुश.

बुश तयार मिळतात. मीही दोन जोड्या आणून ठेवल्या होत्या. एकही बसला नाही. वरचा बुश पाइपवर घातला तर बांगडीसारखा खुळखुळायचा, खालचा नळीत सोडला तर आपल्या वजनाने तळाशी जायचा. आधी वाटलं बुश चुकीचे आले. मग मायक्रोमीटर काढला.

मॅन्युअलप्रमाणे पाइप १.३०३ इंच, म्हणजे ३३.१० मिमी असायला हवा. माझा डावा भरला ३२.८२ आणि उजवा ३२.८१. इतकी झीज नुसत्या वापराने होत नाही, आणि झालीच तर अशी सारखी होत नाही. कुणीतरी, केव्हातरी, गंजाचे खड्डे घालवायला दोन्ही पाइप ग्राइंड करून घेतले होते. नळ्यांचंही तेच. आतून होन केलेल्या (घासून गुळगुळीत केलेल्या), पण प्रत्येक आपापल्या मनाने: डावी ३८.२५, उजवी ३८.३१. त्या अनोळखी कारागिराने त्या मापाचे बुश स्वतः केले असणार, चांगले केले असणार, कारण इतकी वर्षं चालले. फक्त कुठे लिहून ठेवलं नाही. थोडक्यात, मला चार बुश हवे होते आणि चारही वेगळ्या मापाचे.

इथे घरच्या लेथचा प्रश्न आला. माझा लेथ टेबलावर मावतो. काम पकडणाऱ्या तीन जबड्यांच्या चकमध्ये ०.०७ मिमीचा रनआउट आहे, म्हणजे फिरताना तो तेवढा डगमगतो, आणि मला बुशात एकूण जागाच ०.०७-०.०८ ठेवायची होती.

काय करायचं नाही ते मात्र आधी ठरवून टाकलं. फोर्कचे वरखालचे ब्रॅकेट, स्टिअरिंगचा खांब, चाकाचा आस आणि त्याचे क्लॅम्प यांना घरी हात लावायचा नाही. बुश बिघडला तर गाडी खडखडेल, कॉलर बिघडली तर ऑइल गळेल. खांब तुटला तर दात जातील, तेही नशीब चांगलं असेल तर. हे भाग तडे शोधायच्या लाल रंगाने तपासले, ठीक होते, तसेच ठेवले.

पाइप व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलखाली फिरवले. डाव्यावर काटा एका फेरीत ०.१२ हलला, म्हणजे बाक त्याच्या निम्मा. चालण्यासारखा. उजवा ०.३० निघाला. लाकडाचे ठोकळे देऊन बाटली जॅकच्या प्रेसमध्ये त्याला हळूहळू दाबत ०.०८ वर आणला. लिहायला एक वाक्य, करायला एक अख्खी दुपार. पाइप दाबला की वाकतो, सोडला की परत येतो. किती जास्त दाबायचा हे फक्त तो पाइपच सांगतो. उजव्यावर एक खड्डाही होता, मसुराएवढा, सील जिथे फिरतं त्याच पट्ट्यात. तो कडक इपॉक्सीने भरून पाइपच्या पृष्ठाबरोबर घासून घेतला.

बुशाला मी एसएई ६६० प्रकारचं ब्राँझ घेतलं. त्यात सुमारे ८३ टक्के तांबं, ७ टक्के कथील, ७ टक्के शिसं आणि थोडं जस्त असतं. फॉस्फर ब्राँझ जास्त चिवट, पण माझे पाइप कडक क्रोम केलेले नाहीत आणि शिशाचं ब्राँझ अशा पाइपांना सांभाळून घेतं. शिवाय ते सुंदर कटतं. लांब गुंडाळ्या निघत नाहीत, वाळूसारखा बारीक किस उडतो आणि कपड्यांच्या घड्यांत जाऊन बसतो. शिसं आहे म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि तो किस फुंकर मारून उडवायचा नाही. टूलला वरून धार देताना उतार जवळजवळ ठेवायचा नाही. स्टीलसाठी घासलेलं टूल ब्राँझमध्ये चावतं आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आत ओढून घेतं. मला हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं, दचकून.

रनआउटवर उपाय एकच. बाहेरचा व्यास, आतला बोअर (भोक) आणि पार्टिंग (कापून वेगळं करणं), सगळं एकाच पकडीत. एकदा चकमधून काढलेला जॉब परत तंतोतंत त्याच जागी बसत नाही. म्हणून लांब तुकडा धरायचा, बुश त्याच्या टोकाला घडवायचा आणि पूर्ण झाल्यावरच कापायचा. थोडा माल वाया जातो, जाऊ द्यावा.

पहिला केला डावीकडचा खालचा बुश. नळी ३८.२५, मधे ०.०८ सोडायचे, म्हणजे बाहेरून ३८.१७. शेवटचा कट घेतला, मायक्रोमीटर लावला, बरोबर ३८.१७. मनातल्या मनात पाठ थोपटली आणि आतला बोअरही मापावर आणला. तेवढ्यात शेजारचे काका डोकावले. आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेला माणूस. त्यांनी मापाकडे पाहिलंच नाही, बुशाला पालथं बोट लावलं.

“गरम आहे रे.”

“हो, आत्ताच कट घेतलाय.”

“मग आत्ता मापून काय उपयोग? थंड झाला की हाच बुश दुसरा होईल.”

तासाभराने मापला. ३८.१५. ब्राँझ एका अंशाला मीटरमागे सुमारे १८ मायक्रॉन फुगतं. ३८ मिमीचा बुश खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर व्यासात ०.०२ चा फरक पडतो. सायकलच्या पंपाला हा फरक कळणारही नाही, पण माझ्या ०.०८ चे ०.१० झाले होते. पहिला बुश भंगारात. तो अजून खिडकीत कागदांवर वजन म्हणून ठेवला आहे.

त्यानंतर काकांनी मला एक सवय लावली. शेवटचे दोन कट राहिले, की मशीन बंद करून उठायचं. दुसरं काहीतरी करायचं. परत आल्यावर बुशाला आणि शेजारच्या लोखंडाला आळीपाळीने हात लावायचा. दोन्ही सारखे लागले तरच माप घ्यायचं.

वरच्या बुशांत बोअर मापाचा, आणि बोअर मापणं बाहेरचं मापण्यापेक्षा कितीतरी किचकट. टेलिस्कोपिक गेज आत घालायचा, फिरवायचा, काढायचा, मायक्रोमीटरवर मापायचा. दहा वेळा मापा, चार उत्तरं मिळतील. काका म्हणाले, “आकड्याच्या मागे कशाला लागतोस, आधी प्लग कर.” म्हणून स्टीलचा एक प्लग केला: एक टोक ३२.८७, दुसरं ३२.९१. पहिलं टोक बुशात शिरलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने नीट मापता येतो, त्यामुळे प्लगवर भरवसा ठेवता येतो आणि बुश प्लगशी जुळवता येतो.

बोरिंगचं टूल १२ मिमी जाड आणि ४५ मिमी बाहेर आलेलं, म्हणजे ते वाकणारच. डायलवर ०.०५ चा कट दिला तर प्रत्यक्षात कमी निघतो, आणि उरलेलं पुढच्या फेरीत, हाताने काहीही पुढे न सरकवता. म्हणून शेवटी दोनतीन फेऱ्या तशाच मोकळ्या फिरवायच्या. तिसऱ्या फेरीला टूल नुसतं कुजबुजतं, बारीक सोनेरी धूळ पडते आणि बोअर आरशासारखा होतो. प्लग तेल लावून घातला. पहिलं टोक गेलं, आणि बुशाच्या मागच्या तोंडावर अंगठा ठेवला तर आत कोंडलेल्या हवेने प्लग हळूच परत बाहेर ढकलला. इतकं समाधान मला गाडी चालवतानाही क्वचित मिळालं आहे.

कॉलरांचं काम वेगळ्याच जातीचं. मूळ कॉलरमध्ये जुन्या पद्धतीचं सील होतं. मला नेहमीचं ३३ × ४६ × ११ चं रबरी ऑइल सील बसवायचं होतं. ते फोर्कसाठी सर्रास मिळतं आणि ३२.८ च्या पाइपलाही त्याचा ओठ पुरेसा आवळून बसतो. सीलची खोली ४६.०० ते ४६.०४ च्या आत बोअर केली आणि तोंडाला तिरकी कड दिली, नाहीतर दाबून बसवताना सीलची कातडी सोलून निघते. इथपर्यंत सोपं.

मग आटे. थ्रेड गेज लावून पाहिला: इंचाला २०, ६० अंशांचे. हा जुना ब्रिटिश सायकल थ्रेड. व्हिटवर्थचे आटे ५५ अंशांचे असतात, त्यामुळे नुसता आकडा जुळला म्हणून चालत नाही. इंचाला २० म्हणजे १.२७ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). माझा लेथ मेट्रिक, त्यावर सव्वाचा पिच सहज निघतो. क्षणभर मोह झाला. एका आट्यामागे फरक फक्त ०.०२, कोण विचारतंय? ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर सव्वाचे आटे पाडून पाहिले. नळीवर तीन आटे लोण्यासारखे गेले, चौथ्याला जड, सहाव्याला ठप्प. प्रत्येक आट्याचा ०.०२ पुढच्याच्या पाठीवर चढत जातो. जोर लावला असता तर गेला असता, आणि नळीवरचे मूळ आटे घेऊन गेला असता.

तेव्हा १२७ दात्यांचं गिअर बसवलं. १२७ का, तर एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि त्याला पूर्णांकात आणणारी सगळ्यात लहान संख्या हीच: पाच इंच, १२७ मिमी. हे गिअर लावल्यावर मेट्रिक स्क्रूवर इंचाचे आटे अचूक निघतात. अट एकच, काम पूर्ण होईपर्यंत हाफनट, म्हणजे टूलला त्या स्क्रूशी जोडणारी पकड, उघडायचा नाही. उघडला की पुढचा कट जुन्या खाचेत पडेलच याची खात्री नाही. म्हणजे प्रत्येक कटानंतर टूल बाजूला घेऊन अख्खा लेथ उलटा फिरवत ते मागे आणायचं.

आटे आतल्या बाजूला, आणि पुढे खोली बंद. मोटरवर केलं असतं तर एका निमिषात टूल भिंतीवर आपटलं असतं. म्हणून आधी टूल थांबायला एक खाच कापून घेतली, मोटरचा पट्टा काढला आणि स्पिंडलच्या मागे एक हँडल बसवून हाताने फिरवलं. आट्याची खोली ०.६८ मिमी. एका वेळी ०.०५, शेवटी शेवटी ०.०२. पुढे नऊ फेरे, टूल मागे, उलटे नऊ फेरे, टूल पुढे. विहिरीवरचा रहाट ओढावा तसं. दोन कॉलरांना मिळून एक रविवार गेला. पण हाताने फिरवताना टूल कुठे जड जातंय ते दंडाला कळतं. दुसरी कॉलर नळीवर चढवली तेव्हा ती दोन बोटांनी शेवटपर्यंत गेली.

डॅम्पिंगचा भाग मी जवळजवळ विसरलोच होतो. परतीच्या दिशेने ऑइल अडवणाऱ्या व्हॉल्व्हचं भोक झिजून लांबोडकं झालं होतं, म्हणून त्या चकत्याही नव्या केल्या. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही, तेव्हा २.५ मिमीपासून सुरुवात. फोर्क दाबून सोडला तर तो झोपेतून उठल्यासारखा वर यायचा. भोक ३ मिमी केलं. अर्धा मिमी म्हणजे काही नाही असं वाटतं, पण क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं, आणि भोकातून ढकललेल्या ऑइलचा विरोध क्षेत्रफळाच्या वर्गाने उतरतो, त्यामुळे तो निम्म्याच्याही खाली आला. आता एकदा वर येऊन थांबतो. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलं तेच, २० ग्रेडचं.

जोडताना दोन्ही पाइपांवर जाड काचेचा तुकडा आडवा टेकवला. चारही कोपरे एकदम टेकले तर पाइप एका पातळीत. माझी काच डुगडुगली. खालचा ब्रॅकेट सैल करून, पाइप हाताने पिळून, परत आवळून, तीन खेपांत बसली. मग चाक घातलं, सगळं कसलं, आणि फोर्क दाबला.

जाम. अर्ध्यापर्यंत जातो, तिथेच बसतो.

पुढचा दीड दिवस मी बुशांना शिव्या दिल्या. परत खोललं. मापं बरोबर. प्रत्येक पाय सुटा घेतला तर लोण्यासारखा सरकतो. परत जोडलं, परत जाम. ०.०७ च्या जागी ०.१० करायला मी बुश चकमध्ये धरलाच होता, तेवढ्यात काकांनी विचारलं, “आसाचा क्लॅम्प कधी आवळलास?”

“लगेचच. चाक घातल्यावर.”

“फोर्क न हलवता?”

आसाचा नट आवळायचा, मग क्लॅम्प मोकळा ठेवून फोर्क पाचसहा वेळा जोरात दाबायचा, म्हणजे क्लॅम्पकडचा पाय आसावर आपली जागा स्वतः शोधतो. क्लॅम्प त्यानंतर. मी आधीच आवळून दोन्ही पाय किंचित एकमेकांकडे ओढून धरले होते. पूर्वी हे चालून गेलं, कारण जुने बुश इतके ढिले होते की त्यांना काही फरक पडत नव्हता. क्लॅम्प सोडला तेव्हा तो पाय आसावर साधारण अर्धा सूत सरकला. फोर्क चालू.

ब्रेक धरून हँडल ढकललं. तळहाताला काही नाही. मी उगाचच चारपाच वेळा ढकललं.

बंद करण्याआधी चारही मापं खालच्या ब्रॅकेटच्या पोटाशी रंगाने बारीक अक्षरात लिहिली आहेत, डावं-उजवं, पाइप-नळी. खाली झोपल्याशिवाय दिसत नाहीत, पण ज्याला लागतील तो खाली झोपलेलाच असेल.

पाइपवर एक प्लास्टिकचा टाय बांधून फिरवून आणली, फोर्क किती दबतो ते पाहायला. जोरात ब्रेक मारल्यावरही तळ गाठायला बोटभर जागा शिल्लक होती. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. पहिला आठवडा कोरडा. दुसऱ्या आठवड्यात उजव्या पायाखाली एक थेंब, रोज सकाळी, एकच. टाय आणि टॉर्च घेऊन बसलो तर इपॉक्सीचा ठिपका निघून गेलेला, आणि गाडी उभी असताना सीलचा ओठ नेमका त्याच खड्ड्यावर टेकतो. पाइप पुन्हा ग्राइंड करायचा तर बुश पुन्हा. त्यापेक्षा दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर ६ मिमीची एकेक चकती करून ठेवली, म्हणजे गाडी तेवढी उंच उभी राहते आणि ओठ खड्ड्याच्या बाजूला टेकतो. चौथी सकाळ आहे. पुठ्ठा अजून उचललेला नाही.